चिठ्ठीने लागलेली गोळी : सीमाभागातील रुग्णांसाठी उपचाराची वाट

डॉक्टरांनी झोपेसाठी, धडधडीसाठी किंवा अंगदुखीसाठी लिहून दिलेली काही औषधे अशी असतात की, ती काही आठवडे सलग घेतली असता शरीर त्यांना धरूनच आपला कारभार लावून घेते, आणि मूळ तक्रार मिटून गेली तरी एखाद्या दिवशी गोळी चुकली तर हात कापू लागतात, झोप उडते, जीव घाबरा होतो. या अवस्थेला वैद्यकात औषधावलंबित्व म्हणतात. गोळीचा गुण हळूहळू कमी होऊन तेवढ्याच गुणासाठी मात्रा वाढवावी लागणे म्हणजे सहनक्षमता वाढणे किंवा टॉलरन्स, गोळी थांबताच उद्भवणारा त्रास म्हणजे विरहलक्षणे किंवा विड्रॉवल, आणि त्या त्रासातून रुग्णाला वैद्यकीय देखरेखीखाली सुखरूप बाहेर काढण्याचा पहिला टप्पा म्हणजे निर्विषीकरण, ज्याला बोलताना सगळेच डिटॉक्स म्हणतात. हा शब्द तसा फसवाच आहे, कारण रक्तातील औषध बहुधा काही दिवसांत आपोआप उतरते. उशीर लागतो तो मेंदूला औषधावाचून चालण्याची सवय व्हायला. महाराष्ट्राला लागून असलेल्या कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील मराठी घरांत दारू आणि तंबाखूच्या व्यसनाबद्दल पुष्कळ बोलले जाते, मात्र चिठ्ठीने लागलेल्या गोळीबद्दल बोलले जात नाही, कारण ती घेणारा माणूस स्वतःला व्यसनी समजत नाही आणि घरचेही त्याला ‘औषध चालू आहे’ एवढेच म्हणतात.

सर्वच गोळ्यांची अशी सवय लागत नाही, हे आधी स्पष्ट केले पाहिजे. पॅरासिटामॉल किंवा डायक्लोफेनॅक यांचा अतिरेक यकृताला, मूत्रपिंडाला, जठराला बाधतो. तथापि त्यांचे अवलंबित्व या अर्थाने जडत नाही. ज्यांचे जडते त्यांचे दोन मोठे गट आहेत. पहिला शामक औषधांचा : अल्प्राझोलम, डायझेपाम, लोराझेपाम, नायट्राझेपाम, क्लोनाझेपाम ही बेंझोडायझेपिन वर्गातील औषधे आणि त्यांच्या जवळची झोल्पिडेम ही झोपेची गोळी. दुसरा अफूजन्य किंवा अफूसारखे काम करणाऱ्या वेदनाशामकांचा, म्हणजे ओपिऑइडांचा : ट्रॅमॅडॉल, टॅपेंटाडॉल, पेंटाझोसिनची इंजेक्शने आणि खोकल्याच्या काही औषधांतील कोडीन. नसांच्या दुखण्यावर दिले जाणारे प्रीगॅबालिनही एकदम बंद करण्याजोगे नसते. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्स संस्थेने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयोगटातील १.०८ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे १ कोटी १८ लाख लोक, वैद्यकीय सल्ल्यावाचून शामक औषधे घेत असल्याचे आढळले. चिठ्ठीनुसारच घेऊन अडकलेल्यांची गणना या आकड्यात नाही.

निपाणी परिसरात दुसऱ्या गटाची वाट कशी उघडते, हे समजण्यासाठी विडी वळणाऱ्या स्त्रीच्या बैठकीकडे पाहणे पुरेसे आहे. मांडीवर सूप, मान खाली, कापलेल्या पानात जर्दा भरून बोटांनी गुंडाळी करून दोरा बांधायचा, आणि हेच तासन्‌तास; मान, खांदा, कंबर आणि बोटांचे सांधे यांचे दुखणे या कामाच्या पाठीशीच लागलेले असते. मजुरी नगावर असल्यामुळे विश्रांती हा उपाय परवडत नाही आणि अंगदुखीची गोळी परवडते. साध्या गोळीने भागेनासे झाले की ट्रॅमॅडॉल आणि पॅरासिटामॉल यांची एकत्र गोळी हाती येते, आणि तिने दुखणे तर थांबतेच, शिवाय अंगात तरतरी आल्यासारखे वाटते. पुढे कामाला बसण्यापूर्वी तीच गोळी लागते. हिशेब मांडून पाहावा : अशा एका गोळीत साधारणतः ३७.५ मिलीग्रॅम ट्रॅमॅडॉल आणि ३२५ मिलीग्रॅम पॅरासिटामॉल असते. दिवसाला बारा गोळ्यांपर्यंत गेलेल्या व्यक्तीच्या पोटात ४५० मिलीग्रॅम ट्रॅमॅडॉल, म्हणजे ४०० या दैनिक मर्यादेच्या वर, आणि ३,९०० मिलीग्रॅम पॅरासिटामॉल, म्हणजे प्रौढाच्या यकृताच्या जवळजवळ कमाल मर्यादेइतके जाते. पहिल्याने आकडी येण्याचा धोका वाढतो, दुसऱ्याने यकृत धोक्यात येते, आणि दोन्ही गोष्टी एकाच निरुपद्रवी दिसणाऱ्या पांढऱ्या गोळीतून घडतात.

सीमाभागाची म्हणून एक वेगळी अडचण आहे. राष्ट्रीय महामार्गावरील निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटरवर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट अंतरावर असल्याने एकाच घरातील माणसे कागल-कोल्हापूरचा डॉक्टर, निपाणीचे मेडिकल आणि बेळगावचे मोठे रुग्णालय अशा तिन्ही ठिकाणी जातात, आणि यांपैकी कोणालाच इतर दोघांनी काय दिले हे ठाऊक नसते. कायद्याने या औषधांवर नोंदीची साखळी घातलेली आहे. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या अनुसूची एच-१ नुसार अल्प्राझोलम, डायझेपाम, कोडीन, ट्रॅमॅडॉल, झोल्पिडेम अशा औषधांसाठी दुकानदाराने चिठ्ठी लिहिणाऱ्या डॉक्टरचे व रुग्णाचे नाव आणि दिलेली संख्या वेगळ्या वहीत लिहून ती वही तीन वर्षे जपायची असते. ट्रॅमॅडॉल तर एप्रिल २०१८ पासून अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आणले गेले. परंतु ही वही दुकानाची असते, रुग्णाची नसते, आणि दोन गावांतील दोन वह्या एकमेकींशी बोलत नाहीत. म्हणून उपचाराचा पहिला नियम घरातच पाळता येण्याजोगा आहे : एक डॉक्टर, एक मेडिकल आणि एक वही. रुग्ण कोणत्या राज्यातील डॉक्टर निवडतो याला महत्त्व नाही. पुढील वर्षभर तोच राहणे याला आहे.

या नियमाशी जोडलेली एक बारीक गोष्ट अनेकदा सगळा घोळ करते. मेडिकलमधून सुट्या गोळ्या घेतल्या की दुकानदार कात्रीने पाकिटाचा तुकडा कापून देतो आणि नाव, मात्रा, मुदत छापलेला भाग दुकानातच राहतो. रुग्णालयात विचारल्यावर रुग्ण ‘ती लहान पांढरी गोळी’ एवढेच सांगू शकतो, आणि लहान पांढऱ्या गोळ्या तर बाजारात शेकड्यांनी आहेत. अल्प्राझोलमची ०.२५ मिलीग्रॅमची की ०.५ची, साधी की हळूहळू विरघळणारी, यावर उपचाराची सगळी मांडणी अवलंबून असते. म्हणून डॉक्टरकडे जाण्यापूर्वी घरातील सर्व पाकिटे, रिकामीसुद्धा, एका पिशवीत भरून न्यावीत. पाकिटाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात लाल अक्षरांत ‘आरएक्स’ किंवा ‘एनआरएक्स’ छापलेले असेल किंवा लाल चौकटीत इशारा असेल, तर ते औषध स्वतःच्या मनाने चालू ठेवण्याचे नव्हे, तसेच स्वतःच्या मनाने बंद करण्याचेही नव्हे.

एकदम बंद का करू नये, याचे उत्तर दोन्ही गटांसाठी वेगळे आहे. मेंदूत पेशींना शांत करणारे गाबा नावाचे एक रसायन असते आणि शामक औषधे त्याचा प्रभाव वाढवतात. महिनोन्‌महिने हा बाहेरचा आधार मिळाल्यावर मेंदू आपले स्वतःचे ब्रेक सैल करतो आणि उत्तेजनाची बाजू वाढवून समतोल राखतो. गोळी थांबली की ब्रेक नसलेली गाडी उतारावर सोडल्यासारखे होते : थरथर, घाम, छातीत धडधड, आवाज आणि उजेड सहन न होणे, झोपेचा पूर्ण लोप, आणि मात्रा मोठी असेल तर आकडी, भ्रम, भास. अल्प्राझोलमसारख्या लवकर उतरणाऱ्या गोळीनंतर हे एक-दोन दिवसांत सुरू होते. डायझेपाम शरीरात दीर्घकाळ रेंगाळत असल्याने त्याच्यानंतर आठवडाभर सर्व ठीक वाटून मग त्रास सुरू होऊ शकतो, आणि तेव्हा घरच्यांना त्याचा बंद केलेल्या गोळीशी संबंधही लागत नाही. हे सामुदायिक प्रमाणावर कसे दिसते, याचे उदाहरण शेजारच्या तेलंगणाने २०१५ मध्ये पाहिले. तेथे ताडीत अल्प्राझोलम, डायझेपाम मिसळण्याचा धंदा चालत असे. उत्पादन शुल्क खात्याने त्यावर कारवाई करताच निजामाबाद आणि आसपासच्या जिल्ह्यांतील रुग्णालयांत आकडी, भ्रम आणि विचित्र वर्तन यांनी पछाडलेल्या माणसांची रीघ लागली. भेसळ थांबवणे योग्यच होते. चूक एवढीच की अवलंबित्व आलेल्या माणसांच्या उतरणीची सोय आधी कोणी केली नव्हती. घरातील कर्त्या माणसाने रागाच्या भरात गोळ्या संडासात टाकल्या की तेच लहान प्रमाणात घडते.

ओपिऑइड गटातील विरहलक्षणे दिसायला अधिक भयंकर आणि जिवाला बहुधा कमी घातक असतात. शेवटच्या मात्रेनंतर काही तासांतच जांभया, नाक-डोळ्यांतून पाणी, अंगावर काटा, पोटात मुरडा, जुलाब, हाडे मोडून आल्यासारखी वेदना सुरू होते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोचते आणि आठवड्याभरात ओसरते. गर्दच्या (ब्राऊन शुगरच्या) व्यसनींमध्ये ज्याला ‘टर्की’ म्हणतात ती हीच. ट्रॅमॅडॉलची टर्की मात्र थोडी निराळी असते, कारण ते औषध नैराश्यावरील काही गोळ्यांप्रमाणेही काम करते, त्यामुळे तीव्र घबराट, हातापायांत मुंग्या, क्वचित गोंधळलेपण अशी भलतीच लक्षणे त्यात मिसळतात. खरा घात पुढे असतो. आठ-दहा दिवस औषध बंद राहिले की शरीराची सहनक्षमता उतरते. अशा वेळी रुग्णाने पूर्वीइतकीच मात्रा पुन्हा घेतली, तर जी मात्रा महिन्यापूर्वी पचत होती तीच श्वास थांबवू शकते. म्हणूनच पुढील उपचाराची सोय न करता नुसते डिटॉक्स करून रुग्णाला घरी पाठवणे हे काही वेळा उपचार न करण्यापेक्षाही धोक्याचे ठरते.

प्रत्येकाला दाखल व्हावेच लागते असे नाही. कमी मात्रा, घरात लक्ष ठेवणारे माणूस, दुसरा गंभीर आजार नाही, अशा रुग्णाची मात्रा बाह्यरुग्ण विभागातूनच उतरवता येते आणि शामक औषधांच्या बाबतीत बहुधा तेच बरे असते. ज्याला पूर्वी आकडी आली आहे, जो गोळीबरोबर दारूही घेतो, दोन गटांतील औषधे एकत्र घेतो, मात्रा फार मोठी आहे, आत्महत्येचे विचार येतात, हृदय, यकृत किंवा श्वसनाचा आजार आहे, अशा रुग्णाने दाखल होणे आवश्यक आहे. गर्भवतीचा विषय स्वतंत्र आहे : तिने ओपिऑइड किंवा शामक गोळी एकाएकी थांबवल्यास गर्भाला धोका पोचतो, तेव्हा स्त्रीरोगतज्ज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ या दोघांच्या एकत्र सल्ल्यावाचून काहीही बदलू नये, आणि प्रसूतीच्या वेळी बालरोगतज्ज्ञाला औषधाची पूर्वकल्पना द्यावी, कारण नवजात बाळातही विरहलक्षणे दिसतात.

दाखल झाल्यावर वॉर्डात काय होते याची माहिती नसल्यामुळे अनेक जण ऐनवेळी माघार घेतात. पहिल्या दिवशी केसपेपरवर औषधांचा सगळा इतिहास उतरवून घेतला जातो. त्या वेळी मात्रा कमी सांगण्याचा मोह रुग्णाला होतो आणि घरच्यांना ती वाढवून सांगण्याचा, आणि दोन्ही उत्तरे सारखीच घातक, कारण पर्यायी औषधाची मात्रा त्याच आकड्यावरून ठरते. रक्त, यकृत, मूत्रपिंड, लघवीतील औषधांचा अंश, हृदयाचा आलेख यांच्या तपासण्या होतात. त्यानंतर परिचारिका दर काही तासांनी नाडी, रक्तदाब, ताप पाहते आणि ठरलेल्या गुणपत्रिकेवर लक्षणांना गुण देते. ओपिऑइडांसाठीची ‘काऊज’ ही अशी एक गुणपत्रिका आहे, ज्यात डोळ्यांच्या बाहुलीपासून जांभयांपर्यंत प्रत्येक लक्षणाला गुण असतात. गुण वाढले की औषध वाढते, उतरले की कमी होते. सलाईन प्रत्येकाला लागतेच असे नाही, आणि ‘सलाईनमधून सगळी नशा धुऊन काढतात’ हा समज तर सर्वस्वी निराधार आहे. उलटी-जुलाबाने पाणी कमी झाले असेल, किंवा दारूही असल्याने शिरेतून जीवनसत्त्व ब-१ द्यायचे असेल, तेव्हा ती लावली जाते. ओपिऑइडांची टर्की आवरण्यासाठी क्लोनिडीन, जुलाब-मुरड्याची औषधे, किंवा जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी वापरतात. ही शेवटची गोळी विरहलक्षणे स्पष्ट दिसू लागल्यावरच देतात. घाईने दिली तर तीच टर्की एकदम उफाळवते. म्हणून पहिले काही तास त्रास सोसायला लावणारा डॉक्टर निर्दय नसतो.

शामक गोळीची उतरण मात्र वॉर्डात संपत नाही. तेथे फक्त सुरुवात होते. ब्रिटनमधील न्यूकॅसल येथे १९८२ पासून बारा वर्षे अशा रुग्णांचे विशेष क्लिनिक चालवणाऱ्या डॉ. हेदर ॲश्टन यांनी जी पद्धत रूढ केली, तिच्यात लवकर उतरणाऱ्या गोळीच्या जागी हळू उतरणारे डायझेपाम देऊन मग तेच इंचाइंचाने कमी करतात. त्यांच्या कोष्टकाप्रमाणे ०.५ मिलीग्रॅम अल्प्राझोलम हे सुमारे १० मिलीग्रॅम डायझेपामच्या बरोबरीचे. म्हणजे सकाळ, दुपार, रात्र अशी ०.५ची एकेक गोळी घेणारा माणूस, जो स्वतःला ‘अगदी हलकी गोळी’ घेणारा समजतो, तो प्रत्यक्षात ३० मिलीग्रॅम डायझेपामवर उभा असतो. अमेरिकेतील व्यसनोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने इतर संस्थांसह २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेली मार्गदर्शिका सांगते की, दर दोन ते चार आठवड्यांनी पाच ते दहा टक्के एवढीच घट सुरुवातीला करावी आणि दोन आठवड्यांत २५ टक्क्यांपेक्षा अधिक सहसा करू नये. वरील उदाहरणात दर पंधरवड्याला २ मिलीग्रॅम कमी केले तर ३० वरून २० वर यायला दहा आठवडे लागतात, आणि पुढे एकेक मिलीग्रॅमने उतरायचे तर आणखी चाळीस. म्हणजे जवळजवळ वर्ष. हे गणित केवळ वेळेचा अंदाज यावा म्हणून दिले आहे. वृद्धांना आणि यकृताच्या रुग्णांना डायझेपाम साचून बाधते, त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळे औषध निवडतात, आणि कोणाची घट मध्येच महिनाभर थांबवावीही लागते. त्यामुळे कोष्टक पाहून घरी गोळ्या कापत बसणे टाळावे. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या तर कापायच्याच नसतात, कारण कापल्याने सगळी मात्रा एकदम रक्तात उतरते. ‘दहा दिवसांत गोळी सोडवून देऊ’ असे आश्वासन जेथे मिळते, तेथे दीर्घकाळच्या शामकावलंबी रुग्णाने दाखल होऊ नये.

ओपिऑइडांच्या बाबतीत डिटॉक्सनंतर दोन वाटा असतात. एकीत ब्युप्रेनॉर्फिन महिनोन्‌महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे, नियमित मात्रेत चालू ठेवतात. ‘एक नशा सोडून दुसरी लावली’ असा आक्षेप यावर घरोघर घेतला जातो. पण ठरलेल्या वेळी, ठरलेल्या मात्रेत, देखरेखीखाली घेतलेले हे औषध ना धुंदी आणते ना मात्रा वाढवायला लावते, आणि माणूस कामावर जाऊ शकतो. मधुमेही माणसाच्या इन्सुलिनला कोणी व्यसन म्हणत नाही. दुसरी वाट नालट्रेक्झोनची : ते ओपिऑइडांचा परिणामच होऊ देत नाही, मात्र ते सुरू करण्यापूर्वी शरीर साधारण सात ते दहा दिवस ओपिऑइडमुक्त असावे लागते. कोणती वाट कोणाला, हे मात्रा, काळ, दुखणे आणि घरची परिस्थिती पाहून ठरते.

गोळी सुटली तरी ती ज्या कारणासाठी लागली होती ते कारण घरी वाट पाहत असते. निद्रानाशासाठी झोपेच्या सवयींवर काम करणारी वर्तनोपचार पद्धती, सततच्या दुखण्यासाठी फिजिओथेरपी आणि बसण्याच्या पद्धतीत बदल, भीती-नैराश्यासाठी अवलंबित्व न आणणारी औषधे आणि समुपदेशन, यांची योजना डिस्चार्ज कार्डावरच लिहून घ्यावी. विडी वळणारीला दर अर्ध्या तासाने उठून खांदे फिरवायला सांगणे, पाठीला टेकू देणे, सूप उंच पाटावर ठेवणे हे उपाय किरकोळ वाटतात. मात्र दुखणे कमी करणारे तेच आहेत. डिटॉक्सनंतरच्या या लांब टप्प्याचे मराठी मुलखातील सर्वांत परिचित उदाहरण पुण्याच्या मुक्तांगणचे आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या साहाय्याने २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवडा मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केले, आणि तेथील पाच आठवड्यांच्या निवासी उपचारात शरीराचा त्रास ओसरल्यावरचे दिवस गटचर्चा, समुपदेशन, योग, श्रम आणि कुटुंबाच्या सहभागाने भरलेले असतात. तो आराखडा मुख्यतः दारू-गर्दसाठी घडला असला तरी घरच्या माणसांनाही उपचारात घेण्याचा त्याचा आग्रह गोळीच्या रुग्णालाही तंतोतंत लागू पडतो.

सीमाभागातील रुग्णाला जाण्याजोगी ठिकाणे कमी नाहीत. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले जिल्हा रुग्णालय आणि केएलईचे डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय येथे मनोविकार विभाग आहेत. कर्नाटकाच्या ‘मनोचैतन्य’ कार्यक्रमाखाली तालुका रुग्णालयांत मंगळवारी मनोविकारतज्ज्ञांचा बाह्यरुग्ण विभाग भरवण्याची योजना आहे. निपाणी-चिकोडीच्या रुग्णाने आदल्या दिवशी चौकशी करून निघावे. गुंतागुंतीच्या रुग्णासाठी धारवाडची डिमहान्स ही एकोणिसाव्या शतकातील मनोरुग्णालयापासून वाढलेली संस्था बेळगावहून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे, आणि त्याहून पुढे बंगळूरच्या निमहान्सचे व्यसनोपचार केंद्र. निपाणीकरांना कोल्हापूरचे सीपीआर रुग्णालय जवळचे, आणि मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आवाक्यातले. खर्चाच्या बाबतीत, ८६५ सीमागावांतील मराठी भाषकांना महाराष्ट्राने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेण्याचा निर्णय केलेला आहे, आणि कर्नाटकाची आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनाही आहे. दोन्हींत व्यसनोपचाराचे नेमके कोणते उपचार, कोणत्या रुग्णालयात बसतात, हे दाखल होण्यापूर्वी तेथील आरोग्यमित्राकडून, म्हणजे योजनेच्या मदतनिसाकडून, लेखी समजून घ्यावे. या दोन सरकारांचा सीमावाद कोठेही जावो, रुग्णाने आपले कागद दोन्हीकडचे तयार ठेवण्यात शहाणपण आहे.

भाषेची अडचण कायद्याने ओळखलेली आहे. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा मादक द्रव्यांमुळे उद्भवणाऱ्या अवस्थांनाही आपल्या कक्षेत घेतो, आणि त्याच्या कलम २२ नुसार रुग्णाला आपला आजार व उपचार यांची माहिती स्वतःला समजेल अशा भाषेत मिळण्याचा हक्क आहे. तेव्हा छापील अर्ज कन्नड किंवा इंग्रजीत असला, तर सही करण्यापूर्वी तो मराठीत समजावून मागण्यात संकोच नको. स्वतःहून दाखल झालेला रुग्ण स्वतःहून घरी जाऊ शकतो, फक्त डॉक्टर तपासणीसाठी त्याला जास्तीत जास्त २४ तास थांबवू शकतात. रुग्णाला त्याच्या इच्छेशिवाय ठरावीक अटींवर, दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर आणि सुरुवातीला ३० दिवसांपुरतेच दाखल करता येते. साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी आहे. एखाद्या खाजगी केंद्रात घरच्यांना पहिला महिना भेटूच दिले जात नसेल, डॉक्टर निवासी नसेल किंवा राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडील नोंदणीचा कागद दाखवला जात नसेल, तर तेथून परत फिरावे. पोलिसांची भीतीही बऱ्याच जणांना अडवते. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्याचे कलम ६४-अ सांगते की, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी सरकारी वा मान्यताप्राप्त संस्थेत स्वेच्छेने उपचार घेईल, तर त्याच्यावर त्यासाठी खटला चालणार नाही. अट एवढीच की उपचार पूर्ण केला पाहिजे.

घरी परतल्यावर शाळेची साधी शंभर पानी वही पुरते. तिच्यात तारीख, सकाळची गोळी, रात्रीची गोळी, झोपेचे तास आणि शेवटी ‘त्रास’ असे पाच रकाने आखावेत. शेवटच्या रकान्यात ‘घाम’, ‘चिडचिड’, ‘ठीक’ असा एखादा शब्द पुरे. ही वही दर भेटीत डॉक्टरांसमोर ठेवली की घट पुढे न्यायची की थांबवायची हे पाच मिनिटांत ठरते, आणि रुग्ण निपाणीहून कोल्हापूरला गेला तरी त्याचा इतिहास त्याच्या पिशवीत असतो. गोळ्यांचा डबा घरातील एकाच माणसाने कुलपात ठेवून रोजची मात्रा रोज द्यावी. हे काम शक्यतो रागीट माणसाकडे देऊ नये. या काळात दारू पूर्ण वर्ज्य, आणि गुंगी असेतोवर मोटरसायकल नको. म्हाताऱ्या माणसाला रात्री संडासला जाताना पडण्याचा धोका असल्याने वाटेत दिवा ठेवावा. आकडी, भास, गोंधळलेपण, तीव्र ताप, आत्महत्येची भाषा यांपैकी काही दिसले, किंवा माणूस उठवून उठत नसेल, श्वास संथ आणि ओठ निळसर असतील, तर त्याला कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. ही रुग्णवाहिका सेवा दोन्ही राज्यांत आहे. पाकिटे बरोबर न्यायला विसरू नये.

हे वाचून ज्या घरात कपाटातील गोळ्यांची आठवण झाली असेल, त्या घराने आज रात्रीची गोळी नेहमीप्रमाणे द्यावी, उद्या सगळी पाकिटे एका पिशवीत भरावीत, आणि कोठे जायचे हे ठरत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर फोन करावा. तेथे मराठीतही बोलता येते आणि कन्नडमध्येही.